बिरोबाला बोललेला बोकड

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

बजाक्का,

वरती काय लिहायचं असतंय म्हणून उत्कर्षानं विचारलं. तीर्थरूप लिहू का शिरसाष्टांग. मी म्हणलं, नुसतं बजाक्का लिही, तिला साष्टांग घातला तर मला उठवायला चार माणसं लागतील.

फोन सोडून पत्र का, तर तुझ्यामुळं. तू फोनवर बोललीस की फोन नसता तरी ऐकू आलं असतं एवढी वरडतीस, आणि मी बोलले की तुला कायच ऐकू येत न्हाय. मागल्या वेळी मी म्हणलं पोरगी घरी आली, तर तू म्हणलीस व्हय व्हय, हितं पण शेंगा काढायला आल्यात.

दुसरं कारण उत्कर्षाचा हात. तुला सगळं ठाव हाय, तरी पहिल्यापासनं सांगते, कारण मी जितकं लांबवीन तितका तिला व्यायाम. तर ही माझी नात, अजिनाथची थोरली, वय एकोणीस. भाद्रपदात हिला ताप आला, ताप डोक्यात गेला, मेंदूला सूज आली, एकोणीस दिवस मशीनवर होती. उठली तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय तिचं ऐकंना. आता प्रियंका मॅडम म्हणून एक पोरगी व्यायाम घ्यायला घरी येती. तिनं सांगितलं, रोज एक पान उजव्या हातानं लिहायचं. ही पेपर बघून लिहायला लागली, तिसऱ्या दिवशी पेपर फेकून दिला. मी म्हणलं, मी सांगते, तू लिही. मला अक्षर येत न्हाय, तुला हात येत न्हाय, दोघी मिळून एक शिकलेली बाई होईल.

(बजाआज्जी, मी उत्कर्षा. आज्जी बोलते तसंच लिहिते आहे. कंसातलं माझं.)

गल्लीनं आमच्यासाठी लई केलं, आक्का. दवाखान्यात डबा एक दिवस चुकला न्हाय. शेजारची शेख भाभी दर्ग्यात जाऊन धागा घेऊन आली, तो हिच्या मनगटात हाय. समोरच्या तेलुगू काकूनं तिरुपतीला नवऱ्याचं मुंडण बोललंय. नवऱ्याला टक्कल हाय. आता देवाला काय द्यायचं म्हणून त्यो कानावरची चार केसं जपतोय. अजिनाथच्या दोस्तानं नवस केला की पोरगी बोलली तर अजिनाथ तंबाखू सोडंल. दुसऱ्याची तंबाखू सोडायला काय जातंय? पोरगी बोलली, अजिनाथ फसला. आता दाढ दुखल्यासारखं तोंड करून हिंडतोय.

बोकड पोचला. पण का पाठवलास? चिठ्ठी न्हाय, निरोप न्हाय. दुधाच्या टेम्पोवाल्यानं दारात उतरवला, म्हणाला बजाबाईनं दिलाय, जपा, आणि गेला. काळाभोर, डाव्या कानावर पांढरा ठिपका. आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच कूस बदलायला जागा न्हाय, त्याला नळापाशी बांधलाय. पोरीनं त्याचं नाव डॉक्टर ठेवलं. म्हणती, दवाखान्यातले मोठे डॉक्टर असेच सकाळी यायचे, नुसतं बघायचे आणि काय न बोलता जायचे.

आज ती काठी धरून अकरा पावलं चालली. त्याच्यापर्यंत.

तुझी केरा


दुधनी
२ डिसेंबर २०२४

श्रीमती केराबाई यांस मल्लप्पा गुरुजी, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, यांचे शरणु शरणार्थी.

आपल्या भगिनी बजाबाई माझ्या ओसरीवर बसून मजकूर सांगत आहेत. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या फार मोठ्याने सांगतात, त्यामुळे हे पत्र आपल्याआधी निम्म्या दुधनीला समजले आहे.

त्या म्हणतात, अकरा पावलांची बातमी ऐकून डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणतात, केरा लहानपणापासून जास्त बोलते, पण कामाचे विचारत नाही, बोकड आल्यावर पंधरा दिवसांनी का पाठवला म्हणून विचारते.

तर बोकडाविषयी. उत्कर्षा बेशुद्ध असताना बजाबाईंनी माळावरच्या बिरोबास नवस केला की, पोर स्वतःच्या पायांनी, काठीशिवाय, देवळाच्या सातही पायऱ्या चढली, तर त्याच दिवशी त्याच पायरीशी हा बोकड देवास अर्पण करीन. अर्पण म्हणजे काय ते आपणांस ठाऊक आहे. बजाबाईंनी तो शब्द तीन वेळा उच्चारला, परंतु आमच्या घराण्यात कांदासुद्धा सोमवारी चिरत नाहीत, त्यामुळे माझी लेखणी चालेना. तोवर बोकड पोरीच्या नजरेसमोर असावा, म्हणजे तिची पीडा तो ओढून घेईल, म्हणून तिकडे धाडला आहे. चांगले खाऊ घालावे.

चि. उत्कर्षाचे अक्षर वळणदार आहे. 'ळ' किंचित पडतो. सरावाने उभा राहील.

बजाबाईंच्या वतीने,
मल्लप्पा गुरुजी


सोलापूर
२० डिसेंबर २०२४

बजाक्का,

तुझं पत्र आलं. उत्कर्षानं वाचून दाखवलं. गुरुजींच्या ओसरीचं वाचलं, मी लई हसले. मग पोरीनं मधेच पाणी मागितलं. पाणी पिली आणि म्हणाली, आज्जी, पुढं नुसते आशीर्वाद आहेत. दीड पान आशीर्वाद दिलेस आक्का, तुझ्या जिवाला बरं हाय न्हवं?

बोकडाचं मात्र तू सांगितलंच न्हाईस.

हितं बातमी बरी न्हाय. पोरगी अकरा पावलं चालत होती, ती सातावर आली, मग चारावर. ह्या आठवड्यात उभी राहती आणि खाली बसती. परत डोक्याचा फोटो काढला. मोठे डॉक्टर म्हणाले फोटोत सगळं चांगलं हाय. अजिनाथ म्हणला, मग फोटोलाच चालवा. अवघडून ते म्हणाले, कधी कधी असं होतं. तिची आई नुसती भांडी घासती. घासलेली परत घासती.

गल्लीनं मनावर घेतलंय. तेलुगू काकूला वाटतंय नवस कमी पडला, म्हणून तिनं नवऱ्याच्या भुवया पण नवसात घातल्या. त्यो आता आमच्या दारावरनं जात न्हाय. बोकडाची मात्र दिवाळी हाय. कुणीतरी म्हणलं, बोकड खातोय तोवर पोर बरी. झालं. सकाळी भाजीवाला पालक टाकतो, दुपारी भाभी भाकरी घालती, संध्याकाळी सगळी गल्ली उभी राहून त्यानं किती खाल्लं ते बघती. एक दिवस त्यानं मेथी सोडली तर तिघंजण आमच्याकडं विचारपूस करायला आली.

पोरगी दिवसभर त्याच्यापाशी. त्याच्या मानेत हात घालून बसती. मी म्हणलं त्याच्याशी बोलतीस, माझ्याशी न्हाय. तर म्हणली, तो पुढं काय आहे विचारत नाही.

(बजाआज्जी, बोकड किती वर्षं जगतो? म्हणजे आपलाआपण.)

केरा


दुधनी
६ जानेवारी २०२५

श्रीमती केराबाई यांस शरणु शरणार्थी.

बजाबाई रागावल्या आहेत. त्या म्हणतात, बोकडाचे मी सगळे सांगितले होते, सोलापुरात कोणाला मराठी वाचता येते की नाही? मी त्यांना म्हटले की मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि तो स्पष्ट आहे. तरीही त्यांच्या आज्ञेवरून पुन्हा लिहितो. पोर बिरोबाच्या सात पायऱ्या काठीशिवाय चढेल त्या दिवशी बोकड तेथेच अर्पण. त्या म्हणतात, आणखी स्पष्ट लिहा. मी म्हटले, याहून स्पष्ट लिहिले तर मला स्नान करावे लागेल.

पावले कमी झाल्याचे ऐकून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. रोज माळावर जाऊन देवास विचारतात की माझे काय चुकले.

चि. उत्कर्षाच्या प्रश्नाचे उत्तर: बोकड दहा-बारा वर्षे जगतो, मध्ये कोणी न आल्यास.

मल्लप्पा गुरुजी


सोलापूर
१९ जानेवारी २०२५

बजाक्का,

हे पत्र शेजारची शेख भाभी लिहितीया. उत्कर्षाला तिच्या आईबापानं गड्ड्याच्या जत्रेत नेलंय, चाकाच्या खुर्चीवर बसवून.

तुझं मागलं पत्र आलं तेव्हा पोरगी आतल्या खोलीत प्रियंका मॅडमबरोबर व्यायामात होती, म्हणून भाभीला वाचायला दिलं. भाभी वाचता वाचता थांबली, बोकडाकडं बघितलं आणि हळूच म्हणली, 'अम्मा, इसकू काटने कू भेजे ना उनो.' मी म्हणलं परत वाच. तिनं परत वाचलं. मग मी गादीखालचं पहिलं पत्र काढून दिलं. त्यात पण तेच. दीड पान आशीर्वाद, आक्का. पोरीनं एकटीनं गिळले आणि मला आवंढा पण दिसू दिला न्हाय.

मला अक्षर येत असतं तर हे झालंच नसतं. सत्तर वर्षं मला अक्षरावाचून काय अडलं न्हाय, आणि अडलं ते हितं.

आता खरी गोष्ट ऐक. परवा पोरगी, तिची आई आणि मी नवी पेठेत गेलो. तिच्या पायाला पट्ट्याचा बूट घ्यायचा होता. बोकड तिच्यावाचून वरडतोय म्हणून त्याला पण रिक्षात घेतला. रिक्षावाला म्हणला त्याची वेगळी सीट पडंल, मग त्यालाच हसू आलं. बुटाच्या दुकानाशेजारी साडीचं दुकान, बाहेर पुतळ्या उभ्या, साड्या नेसवलेल्या. आमच्या डॉक्टरनं एका पुतळीचा पदर तोंडात घेतला. दुकानदार वरडला, बोकड बिचकला आणि पळाला, पदर सोडायचं त्याच्या डोक्यात आलं न्हाय. नवी पेठेतनं बोकड पुढं आणि हिरव्या साडीतली बाई मागनं आडवी घसटत चाललीया. माणसं बाजूला होतायत, एका म्हातारीनं पुतळीला हात जोडले. सगळा बाजार त्या पुतळीकडं बघत होता.

मी पोरीकडं बघत होते. तिनं काठी टाकली आणि पळाली. चालली न्हाय, पळाली. मला वीसापर्यंत मोजता येतंय, वीस होऊन वर राहिली. दोरी धरली, त्याच्या तोंडातनं पदर काढला. मग चारी बाजूला बघितलं, हळूच दुकानाच्या पायरीवर बसली आणि हाक मारली, आई, माझी काठी कुठंय?

मी बघितलंच न्हाय असं तोंड केलं. दुकानदाराची समजूत घालायला चार माणसं धावून आली, तितं पण आमची गल्लीच निघाली.

आक्का, पोरीचे पाय बरे हायेत. ती चालली की बोकड जाणार, म्हणून ती बसलीया. आणि प्रियंका मॅडम म्हणती, हे सहा महिने महत्त्वाचे, पाय आता वापरला न्हाय तर कायमचा हट्टाला पेटंल. एकोणीस वर्षांची पोर एका बोकडासाठी जल्मभर बसून काढंल, असली हाय ती. कुणावर गेलीया ते मला इचारू नको.

तू बिरोबाला सांग. नारळाचं तोरण घे म्हणावं, पुरणपोळी घे, मी गुडघ्यावर सात पायऱ्या चढते. बोकड सोड.

तुझी केरा

भाभी म्हणती, त्यांच्यात पण अशा वेळी काय करायचं ते मौलानाला विचारून सांगती. मी म्हणलं थांब, आधी एका देवाचं मिटू दे.


दुधनी
३० जानेवारी २०२५

श्रीमती केराबाई यांस शरणु शरणार्थी. आज एकही शब्द बदलायचा नाही, असे बजाबाईंनी बजावले आहे. म्हणून त्या बोलतात तसे.

केरा,

मी बोकड हौसेनं बोलले न्हाय. अजिनाथचा फोन आला तवा मला ऐकू आलं न्हाय. सुनेनं फोन घेतला, आणि तिचं तोंड बघून मला कळलं. मी चप्पल न घालता माळावर गेले. मनात आलं, कोंबडं बोलावं. मग वाटलं, देव म्हणंल म्हातारी पोरीचा भाव करतीया. म्हणून कळपातला सगळ्यात चांगला बोलले, ठिपक्याचा, माझ्या हातनं दूध पाजलेला. सकाळी बोलले आणि दुपारी पोरीनं डोळं उघडलं. आता परत जाऊन काय म्हणू? आमचं काम झालं, तू नारळ खा?

मी देवाला भीत न्हाय केरा, त्या दुपारला भिते. ती दुपार परत गेली तर?

बोकड सोडणं माझ्या हातात न्हाय. देवाच्याच हातात हाय. तुला आठवतंय न्हवं, पायरीशी बोकडावर तांब्याभर पाणी टाकतात. त्यो शहारला, अंग झाडलं, की देवानं मानला. न्हाय झाडलं तर देवानं परत केला, मग त्याला कुणी हात लावायचा न्हाय, म्हातारा होऊन मरू द्यायचा. पण मी जल्मभर बघतीया, न झाडणारा बोकड मला दिसला न्हाय. बोकडाला पाण्याची सवय नसती, थेंब पडला की अंग झाडतोच.

म्हणून सांगते, त्याला पाणी लावू नका. अंग धुऊ नका. अजिबात न्हाय. तुमच्या सोलापुरात पाच दिवसांनी नळ येतोय, तवा तसा प्रश्नच न्हाय, तरी सांगते.

बजा

(गुरुजींची नोंद: हे सांगताना बजाबाई रडल्या. ते लिहू नका म्हणाल्या.)


सोलापूर
२४ फेब्रुवारी २०२५

बजाक्का,

तुझं म्हणणं पटलं. मोठी बहीण म्हणती ते ऐकावं. मी ऐकणार. तू चकित झाली असशील, बस जरा.

लिहायला परत उत्कर्षा हाय. आमच्या दोघींत एक दुपार बोलणं झालं. काय झालं ते तुला सांगायची गरज न्हाय.

(हेही लिहिलं.)

मी तिला एवढंच सांगितलं की तू चाल, बाकीचं म्हाताऱ्या माणसांवर सोड. तिनं विचारलं, शब्द देतेस का? मी म्हणलं, शब्द मला लिहिता येत न्हाय, पण देता येतोय. दुसऱ्या दिवशी सहा पावलं, आठवड्यात चाळीस. आता काठी बोकडाच्या खुंट्याला टेकवून ठेवलीया, तिच्या कामाची राहिली न्हाय. अजिनाथनं आनंदात तंबाखू मळली आणि मग आठवलं म्हणून तशीच टाकून दिली. गल्ली म्हणती काकूच्या नवऱ्याच्या भुवयांनी केलं. आता त्यो कॉलर वर करून हिंडतोय.

प्रियंका मॅडमनी उजव्या हाताला नवा व्यायाम दिलाय. बादलीतनं पाण्याचा मग भरायचा, खांद्याच्या वर उचलायचा आणि हळूहळू रिकामा करायचा. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. बोटांत चांगली ताकद आलीया. ह्या पत्रातला 'ळ' बघ म्हणावं गुरुजींना.

एक अडचण हाय. पाण्याचं बॅरल पाच दिवस पुरायचं, ते आता तिसऱ्या दिवशीच तळ दाखवतंय. भाभी दोन घागरी देती, काकू दोन देती. का लागतं म्हणून कुणी विचारत न्हाय. उन्हाळा लवकर आलाय, दुसरं काय.

बोकड मजेत हाय. तू सांगितलंस तसंच जपतोय.

(अगदी जपतोय, बजाआज्जी.)

तेवीस मार्चला, रविवारी, अजिनाथ सगळ्यांना टेम्पोतनं घेऊन येतोय. मी येत न्हाय. गुडघा.

केरा


सोलापूर
२५ मार्च २०२५

बजाक्का,

सगळी सुखरूप पोचली. पोरगी सातही पायऱ्या चढली म्हणं. मी दारातच तिचे पाय धरले, ती म्हणली आज्जी खुळी झालीस काय.

बोकड पण परत आला. मला धक्काच बसला. म्हणं अंग झाडलंच न्हाय. देवाची करणी, आक्का. आपण काय बोलणार? आपण आपली साधी माणसं.

गल्लीत त्याला हार घातला. त्यानं खाल्ला.

तितं नेमकं काय झालं ते प्रत्येकजण वेगळं सांगतोय, आणि उत्कर्षाला विचारलं की ती हसायला लागती. तू कळव. मला बाई कायच ठाव न्हाय.

केरा


दुधनी
१ एप्रिल २०२५

श्रीमती केराबाई यांस शरणु शरणार्थी. याही वेळी शब्द बजाबाईंचेच. आज त्या प्रथमच हळू बोलत आहेत, मला कान पुढे करावा लागतो.

केरा,

कायच ठाव न्हाय म्हणतीस, तर ऐक.

पोरीनं टेम्पोतनं उतरताना कुणाचा हात धरला न्हाय. खालच्या पायरीशी उभी राहिली, बोकडाच्या कानात काय तरी बोलली आणि चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर उजवा पाय अडला. अजिनाथ पुढं झाला, मी त्याला मागं वढला. माळावर शंभर माणूस, पण मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या सोडल्या तर आवाज न्हाय. त्या तरी मला कुटं ऐकू येतायत, पण सगळ्यांची तोंडं बघून मला कळलं किती शांत हाय ते. तिनं पाय उचलला. मग चौथी, पाचवी. सातव्या पायरीवर मागं वळून हसली.

मग बोकड आणला. पुजारी ज्ञानबानं तांब्याभर पाणी पाठीवर टाकलं. बोकड उभा. दुसरा तांब्या. बोकडानं डोळं मिटलं. तिसऱ्याला त्यानं मान वर केली, गळ्याखाली टाकावं म्हणून. ज्ञानबा म्हणला असं कसं, घागर आणा. घागर आणली. बोकड हळूच वळला आणि दुसरी बाजू पुढं केली. पोरं हसायला लागली, म्हाताऱ्यांनी दटावलं, मग म्हातारी पण हसायला लागली. विहिरीपासनं माणसांची रांग लागली, घागरीवर घागरी. आमचे गुरुजी, जे असल्या जागी जल्मात आले न्हाईत, लांब बाभळीखाली उभं राहून डोळं मिटून देवाचं नाव घेत होते. कुणासाठी घेत होते ते मी विचारलं न्हाय. (बोकडासाठी. – म. गु.) शेवटी बोकडानं मागचा एक पाय उचलून धरला, खूर धुवायला. ज्ञानबा नखशिखांत भिजला होता, वारं सुटलं आणि त्योच शहारला. कुणीतरी मागनं वरडून म्हणलं, देवानं ज्ञानबालाच मानला की. ज्ञानबानं सुरी तितंच खाली ठेवली आणि चार पावलं मागं सरकला.

मग त्यानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, खरं सांगा बजाबाई, बोकड धुतलेला हाय का?

केरा, मी दूध पाजलेला बोकड हाय त्यो. त्याच्या अंगाला गोठ्याचा वास मला लांबनं येतो. त्या दिवशी जवळ गेले तर मोगऱ्याच्या साबणाचा वास. खूर आरशासारखे. आणि पाच दिवसांचं पाणी तुला तीन दिवसांत संपतंय, हे तू स्वतःच लिहून कळवलंस. चोरी करायची तर त्याचं पत्र लिहू नये, एवढं तरी शिक.

मी ज्ञानबाला म्हणलं, न्हाय. बिरोबापुढं उभी राहून म्हणलं. मग त्यानं भंडारा उधळला, देवानं परत केला म्हणून सांगितलं, आणि पोरगी त्या वल्या बोकडाच्या गळ्यात पडून रडली.

तू मला फसवलंस असं समजू नको. 'पाणी लावू नका, अजिबात न्हाय' हे मी तुला का लिहिलं? लहानपणापासनं तुला जे करू नको म्हणलं तेच तू करतीस. विहिरीत वाकू नको म्हणलं, पडलीस. मला देवाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. तू देवाला काय दिलेलं नव्हतंस. उत्कर्षाला दिलेला शब्द मात्र तू राखलास.

पण बिरोबाचं देणं मी बुडवलं न्हाय. ते पाण्याचं पत्र टाकलं त्याच दिवशी माळावर गेले आणि सांगितलं, बोकड परत आलाच, तर त्याच्या बदल्यात मी मरेपर्यंत मटण खाणार न्हाय. तुला ठाव हाय मी कशी खाती ते. परवा सुनेनं केलं, मी भाकरी घेऊन गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसले. त्यांच्या घरची दोडक्याची भाजी खाल्ली. गुरुजी लई खूश. मी न्हाय. पण ती दुपार आता परत जायची न्हाय, म्हणून मला झोप लागती.

बिरोबाला पण साबणाचा वास आला असंल. मेंढरांचा देव त्यो, त्याला कळत न्हाय व्हय? कळून गप बसला. आपण पण गप बसू.

पोरीला आशीर्वाद. ह्या खेपेला खरोखरचे हायेत, तिनं सगळे वाचून दाखवावेत. 'ळ' उभा राहिला म्हणून गुरुजी सांगतायत.

आणि आता त्या बोकडाची रोजची आंघोळ बंद करा. शेजारणींच्या घागरी परत द्या. पाणी पाच दिवसांनी येतंय.

तुझी
बजाक्का